बारा पाऊण नऊ

आमचा दादा, म्हणजे माझे वडील, भरतीची वेळ बघायला कधी घड्याळाकडे गेला नाही. तो भिंतीवरच्या कालनिर्णयकडे जायचा. तिथी वाचायची आणि तिची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे पाणी भरायची वेळ. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला. अष्टमीला सहा. द्वादशीला बारा पाऊण नऊ. पंधरा पाऊण सव्वाअकरा होतात, पण पुनवेला आणि अवसेला तो सरळ बारा धरायचा. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते, तेवढा फरक तो मनातल्या मनात भरून काढायचा. पाऊणकी मला शाळेत कुणी शिकवली नाही, दादानं शिकवली, आणि तीही पाण्यासाठी.

मी डोंबिवलीत सहाव्या मजल्यावर राहते. खिडकीतून समोरची इमारत दिसते, पाणी कुठंही दिसत नाही. तरी सकाळी दूध तापवताना तिथी दिसली की हिशोब आपोआप होतो. आज दशमी, म्हणजे साडेसातला खाडी तुडुंब झाली असणार. दादाला जाऊन आता तीन वर्षं होऊन गेली. हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, रेवस बंदरापासून दोन-अडीच मैल आत, धरमतरच्या खाडीच्या काठाला. खारेपाटातलं गाव. एका बाजूला बांध घालून राखलेली भातशेती, दुसऱ्या बाजूला चिखल, तिवरं आणि पाणी. आम्ही आगरी. घरात बापाला अरे-तुरे करायची पद्धत, म्हणून इथंही तसंच लिहिते. 'ते म्हणायचे' असं लिहिलं तर मला तो कुणी दुसराच वाटायला लागतो.

दादाचा जन्म १९४१ चा. तो सहा वर्षांचा असताना 'रामदास' बोट बुडाली. १७ जुलै १९४७, आषाढातली अवस, गटारी. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वाटेतच वादळात कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. सणाला घरी येणारी आपल्याच मुलखातली माणसं होती ती. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत जमतील तेवढी उचलली. दादाचा मामा त्या बोटीवर होता. तो मिळालाच नाही. आजीनं तेव्हापासून गटारीला घरात मासमच्छी शिजू दिली नाही, आणि पोरानं पाण्यापासून लांब राहावं असं तिनं ठरवून टाकलं.

ठरवून काय होणार. खाडीकाठचं घर. उधाणाला पाणी बांधाच्या डोक्याला लागायचं. दादा सांगायचा, आजी शेतावर गेली की तो बांधावर जाऊन बसायचा आणि जाणाऱ्या शिडाच्या होड्या मोजायचा. मीठ, कौलं, गवत, लाकूडफाटा, सगळं तेव्हा पाण्यावरूनच यायचं-जायचं. लांबून नुसती डोलकाठी दिसली तरी मचवा कुणाचा ते त्याला कळायचं. मामा बुडाला त्या पाण्याची त्याला भीती वाटायची का, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "भीती व्हती. म्हनून तं बघत बसायचू. पाठ फिरवली की जास्ती भ्याव वाटतं."

बाविसाव्या वर्षी तो माझगाव गोदीत लागला, सुतार म्हणून. पोरगा बोटींवर जाणार नाही, जमिनीवर राहून लाकूड तासणार, एवढ्यावर आजीचं समाधान झालं. गोदीत काय बांधतात ते तिला कुणी नीट सांगितलं नसावं.

दादाचं काम लॉफ्टमध्ये होतं. कागदावर काढलेलं जहाज तिथं खऱ्या मापात उतरवतात. मोठी थोरली लाकडी जमीन, तिच्यावर जहाजाचे छेद आखायचे, आणि त्या रेघांवरून लाकडाचे फरमे कापायचे. त्या फरम्यांवरून मग लोखंडाचे पत्रे कापले जातात, वाकवले जातात. वाकडी रेघ काढायला लांब लवचीक पट्टी घ्यायची, तिला खिळ्यांनी जागोजाग अडवायची आणि पट्टी आपणहून जशी वळते तशी रेघ मारायची. "पट्टीला जोर नाय करायचा. तिला इचारायचं, कुटं वळतेस. ती जिथं आखडते तिथं जहाजबी आखडनार," असं तो सांगायचा. त्यानं फरमे कापलेल्या बोटींत 'नीलगिरी' होती, भारतात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका. १९६८ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९७२ च्या जूनमध्ये नौदलात गेली. उतरली त्या दिवशी गोदीत सगळ्यांना पेढे वाटले असं दादा सांगायचा. आपला पेढा त्यानं रुमालात बांधून शनिवारी गावाला आणला आणि आजीला दिला. आजीनं तो देवापुढे ठेवला.

हे शनिवार आमच्या घरातले सणच होते. आठवडाभर दादा मुंबईत खोलीवर राहायचा आणि शनिवारी गोदी सुटली की चालत भाऊच्या धक्क्यावर, तिथून लाँचनं रेवसला. दीडेक तासाचा रस्ता. माझ्या सुट्टीत तो मला परतीच्या फेरीला बरोबर न्यायचा, दोन दिवस मावशीकडे ठेवायला. लाँचमध्ये तो कधी बाकावर बसला नाही. सुकाणूपाशी उभा राहायचा, तांडेलाच्या शेजारी. लोक पत्ते काढायचे, झोपायचे, भाकरी सोडायचे. दादा बघत राहायचा. मी कंटाळले की मला कामाला लावायचा.

"ती जहाजं कुठं तोंड करून उभी हायत?"

मुंबई बंदरात नांगर टाकून मोठी मोठी मालवाहू जहाजं उभी असतात. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मला वाटायचं, त्यांना तसं उभं करतात. दादानं सांगितलं, उभं कुणी करत नाही. नांगर नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलेला असतो, त्यामुळे पाणी जिकडून येतं तिकडं जहाज आपलं तोंड करतं. भरती चढत असली की सगळी बाहेर समुद्राकडे बघतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की एक एक करत फिरतात आणि आत, बंदराकडे तोंड करतात. मधल्या वेळात पाणी थांबलेलं असतं तेव्हा कुणी इकडे, कुणी तिकडे. एवढी मोठी लोखंडी धुडं, पण तिन्हीत्रिकाळ पाण्याचं ऐकतात. हे कळल्यापासून मी कधीही त्या बंदरातून गेले की आधी जहाजांची तोंडं बघते. सगळी एकदम वळताना बघायला मिळावीत म्हणून आम्ही दोघं एकदा धक्क्यावर दोन लाँच सोडून थांबलो होतो. आई रेवसला वाट बघत उभी. तिनं बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. दादानं मान खाली घालून ऐकलं, आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

एक गोष्ट आईला आम्ही कधीच सांगितली नाही. आता ती नाही, म्हणून लिहिते.

मी दहा वर्षांची असेन. मार्गशीर्षातली द्वादशी, रविवार. शेजाऱ्याची होडी मागून घेऊन दादा मला खाडीत फिरवायला घेऊन गेला. बारा पाऊण नऊ, म्हणजे नऊला पाणी भरणार. आठला निघायचं, अकराच्या आत परत, असं ठरलं होतं. आम्ही एका लहान फाट्यातून आत गेलो. तिथं तिवरांच्या आड एक जुना मचवा टेकून ठेवलेला होता, मोडायला काढलेला. अर्ध्या फळ्या उतरवलेल्या, आतले वाक, म्हणजे मचव्याच्या फासळ्या, उघडे पडलेले. दादानं होडी त्याला लावली आणि वर चढला. मग त्याला कशाचंच भान राहिलं नाही. वाक कसे बसवलेत, पठाणाला, म्हणजे तळाच्या कण्याला, सांधा कुठं दिलाय, नाळेचं लाकूड किती एकसंध आहे, हे तो हात फिरवून फिरवून बघत होता. मला हाक मारून दाखवत होता. खाली होडीत बसून मी नाखुशीनं 'हो हो' करत होते.

होडी हलकेच एका अंगाला कलली तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं. खाली पाणीच नव्हतं.

दादा उडी मारून उतरला, मांडीपर्यंत चिखलात गेला. ढकलून बघितलं. होडी जागची हलेना. बारा वाजले होते. त्यानं आकाशाकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं आणि होडीच्या काठावर येऊन बसला. "तीनला सुकेल पुरं. आता व्हतं तेवढं पानी यायला सा वाजतील," म्हणाला. हिशोब बिनचूक होता. ज्याचा हिशोब एवढा पक्का त्यानंच पाणी हुकवलं, याची लाज त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली. दादाला लाजलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

बरोबर दोन भाकऱ्या, सुका जवळा आणि तांब्याभर पाणी होतं. ते सहा तास मी आयुष्यात विसरायची नाही. पाणी ओसरलेला चिखल म्हणजे मेलेली जागा अशी माझी समजूत होती. दादा म्हणाला, गप बस आणि बघ. दहा मिनिटांनी चिखल हलायला लागला. निवट्या बाहेर आल्या, डोक्यावर डोळे घेऊन, पुढच्या परांवर रांगत. दोन निवट्यांचं भांडण लागलं, पाठीवरचं पर झेंड्यासारखं उभं करून एकमेकांवर धावून जायला लागल्या. बारक्या खेकड्यांचे नर आपला एकच मोठा डांगा वर-खाली करत होते, सगळे एका तालात. एक बगळा येऊन आमच्यापासून दहा हातांवर उभा राहिला तो हललाच नाही. ऊन वर आलं तेव्हा दादानं आपला सदरा काढून माझ्या डोक्यावर धरला, किती वेळ धरला कोण जाणे. चारच्या सुमाराला एका चरातून पाण्याची जीभ आत आली, करंगळीएवढी. तिच्या पुढे फेसाची एक रेघ. तिला येताना बघून मला इतका आनंद झाला की मी ओरडले, "दादा, पानी आयलं!" तो म्हणाला, "येतंच. नेमाचं हाय."

सहाला होडी उचलली. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आईला सांगितलं, शेजारच्या गावात ओळखीच्यांनी जेवायला ठेवून घेतलं. चिखलाचं काय कारण सांगितलं ते मला आठवत नाही.

पुढची वर्षं झरझर गेली. माझं लग्न झालं, भावाचं झालं. 'नीलगिरी' १९९६ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी नौदलानं क्षेपणास्त्राच्या सरावात तिचंच लक्ष्य करून ती समुद्रात बुडवली. दादाला ते गोदीतल्या कुणीतरी सांगितलं. त्या शनिवारी मीही माहेरी होते. तो जेवला, हात धुतला आणि ओटीवर बसून म्हणाला, "पान्यात गेली. बरं झालं. दारूखान्यात नाय गेली." दारूखाना म्हणजे मुंबईतली जहाजं तोडायची जागा. तिथून तो पितळी स्क्रू, कड्या, जुनी सागवानी फळकुटं आणायचा, पण तिथून आला की संध्याकाळभर बोलायचा नाही.

२००१ मध्ये तो निवृत्त होऊन कायमचा गावी आला. अडतीस वर्षं लोकांची जहाजं आखली, स्वतःची साधी होडी नव्हती. आजी तोवर गेली होती. पहिल्याच दिवाळीनंतर त्यानं आईला सांगितलं की अंगण नीट सारवून दे, आणि दोन आठवडे तिथं काही वाळत घालू नको.

त्यानं अंगणात होडी काढली. बारा फूट लांब, चार फूट रुंद, खऱ्या मापात, रांगोळीनं. सारवलेल्या जमिनीवर आधी दोरी ताणून मधली रेघ मारली. मग बांबू चिरून, काचेच्या तुकड्यानं घासून घासून गुळगुळीत केलेली चौदा फुटांची कांब घेतली, दोन्ही बाजूंनी खिळे ठोकून तिला वळवली आणि चिमटीतून रांगोळी सोडत कांबेच्या कडेनं वाकत वाकत गेला. साठ वर्षांचा माणूस, उघडाबंब, गुडघ्यावर. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, तो मागून कंदील घेऊन फिरत होता, कारण आजोबांना संध्याकाळच्या तिरप्या उजेडातच रेघ खरी दिसायची. कोंबड्या रेघेवरून गेल्या की तेवढी रेघ पुन्हा काढायची. आई म्हणाली, "माज्या अंगनात एवढी मोठी रांगोळी कंदी कुनी घातली नव्हती." तिला आवडलं होतं ते.

बोडणीचा एक म्हातारा होडी-सुतार बघायला आला. त्यानं आयुष्यभर कागदाशिवाय होड्या केलेल्या, सगळं डोळ्याच्या मापावर. तो रेघेभोवती दोनदा फिरला, खाली बसला, एक डोळा मिटला. नाळेजवळ कांब दोन बोटं बाहेर सरकवली आणि काही न बोलता चहा प्यायला लागला. दादा त्या दोन बोटांकडे बराच वेळ बघत उभा होता. मग त्यानं पायानं आपली रेघ पुसली आणि नवीन मारली. पुढं कितीतरी वर्षं होडी लाटेवर चढली की तो म्हणायचा, ही त्याची दोन बोटं.

पठाण जुन्या घराच्या तुळईचा केला, वाक बाभळीच्या आपोआप वाकलेल्या फाट्यांचे, फळ्या सागाच्या. सांध्यांत सूत ठोकून, राळ आणि तेल भरून कलाफत केली. वर्षभर लागलं. पहिल्यांदा पाण्यात घातली तेव्हा सगळ्या सांध्यांतून पाणी यायला लागलं आणि बांधावर जमलेली माणसं हळहळली. दादानं तिच्यात दगड भरले आणि तिला सरळ बुडवली. तीन दिवस होडी खाडीच्या तळाला. कोरडं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सांधे आपसूक आवळतात, हे कोळ्यांना माहीत होतं, बाकीच्यांना नाही. भाऊ तीन दिवस चिडलेला, लोक काय म्हणतील म्हणून. चौथ्या दिवशी सुकतीला दगड काढले, पाणी उपसलं, आणि होडी भरतीबरोबर वर आली ती कोरडी ठणठणीत. नाव काय ठेवणार असं सगळे विचारायचे. "होरीला होरी म्हंतात," एवढंच उत्तर.

पंधरा वर्षं तिला तो वल्हवत होता. मासे पकडायला फार गेला नाही. नुसता जायचा आणि यायचा. पावसाळ्याआधी झाप घालून ठेवायची, नारळीपुनवेआधी काढून घासायची, तेल पाजायचं. फायबरच्या होड्या आल्या, स्वस्त, हलक्या, देखभाल नको. दादा त्यांना नावं ठेवायचा नाही, कारण ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना त्या बऱ्या, असं त्याचं म्हणणं. मला मात्र त्यांचा आवाज आवडत नाही. लाकडाच्या होडीच्या पोटाला पाणी लागतं तेव्हा घरात कुणी हलक्या हातानं दार वाजवावं तसं वाजतं. फायबरला ते नाही.

२०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी गाड्या नेणारी रो-रो सुरू झाली. पहिली टाळेबंदी उठल्यावर मी दादाला मुंबईहून डॉक्टरांना दाखवून तिनं परत नेलं. चालायला त्रास होत होता, तरी वर डेकवर जायचं म्हणाला. गाडीसकट माणसं समुद्र ओलांडताना बघून त्याला लहान मुलासारखं हसू आलं. मग म्हणाला, "बघ, तोंडं कुटं हायत." मी बघितलं. सगळी जहाजं आत बघत होती. "सुकती," मी म्हणाले. त्यानं माझा हात थोपटला. पुढच्या मार्गशीर्षात तो गेला.

गेल्या उन्हाळ्यात भावानं अंगणात पेव्हर ब्लॉक घातले. त्याचंही बरोबर आहे, सारवायला आता घरात कोण आहे. होडी त्यानं कडेला मांडव घालून नीट ठेवली आहे. सामान आवरताना वाशांवर आडवी टाकलेली कांब निघाली. मधोमध अजून रांगोळीची पांढुरकी कड होती. भाऊ म्हणाला, घेऊन जातेस तर ने.

चौदा फुटांची कांब एसटीत बसेना. शेवटी रेवसला गेले आणि लाँच धरली, धक्क्यावर टेम्पो सांगून ठेवला होता. लाँचमधले लोक वाट देताना त्रासून बघत होते. एक म्हातारा खलाशी आला, कांबेवर बोट फिरवलं, एक टोक धरून जरा वाकवून बघितली.

"होरीची हाय?"

"हो. वडलांची."

त्यानं ती माझ्या हातातून घेतली, कठड्याच्या कडेनं लावली आणि तीन ठिकाणी दोरीनं बांधली, घट्ट नाही, सैलसर. म्हणाला, वळू दे तिला जरा. मी सुकाणूपाशी जाऊन उभी राहिले. त्या दिवशी षष्ठी होती, सहा पाऊण साडेचार. पाणी चढत होतं, आणि समोर सगळी जहाजं तोंडं बाहेर करून उभी होती.